आठ, बारा, सहा, एक

लाकडाचा एक घन सगळ्या बाजूंनी रंगवला आणि त्याचे सारखे सत्तावीस तुकडे केले. तीन बाजू रंगलेले तुकडे किती? दोन बाजू रंगलेले? एक बाजू? एकही नाही असे? डोंबिवलीतल्या स्कॉलरशिपच्या क्लासला जाणारं पोर प्रश्न वाचून व्हायच्या आत उत्तर देतं : आठ, बारा, सहा, एक. त्याने घन हातात घेतलेला नसतो, मनातही फिरवून पाहिलेला नसतो. सरांनी फळ्यावर तक्ता काढला, घरून दहा वेळा लिहून आणायला सांगितला, पाठ झाला. आणि ह्या पेपरचं नाव बुद्धिमत्ता चाचणी.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत हुशारीच्या परीक्षांचा जो हंगाम चालतो, त्यात आईबापांची ऐपत मोजली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जिची बुद्धी खरोखर कुणीतरी मोजायला हवी, ती मुलगी त्या रांगेत नसतेच.

बुद्धिमापनाचा पाया एका साध्या अटीवर उभा आहे. प्रश्न मुलासाठी नवा हवा. म्हणून मानसतज्ज्ञ एका मुलाला समोर बसवतात, साहित्य कुलपात ठेवतात आणि तीच चाचणी लगेच पुन्हा देत नाहीत. आपण मात्र बुद्धिमत्तेची गाइडं छापली, सराव संच काढले, घड्याळाच्या काट्यांमधले कोन आणि आरशातल्या प्रतिमा घोकायला लावल्या. ज्याने दोनशे संच सोडवले तो पहिला येणार. त्याच्या मेहनतीचं कौतुक करा, जरूर करा. पण आयुष्यात पहिल्यांदाच तो घन पाहणारी एखादी पोर हाताच्या मुठी फिरवून, कडा मोजून मिनिटभराने बारावर येते, तेव्हा बुद्धी चाललेली दिसते ती तिथे. आपल्या उत्तरपत्रिकेत त्या मिनिटाला किंमत नाही.

अल्फ्रेड बिने ह्यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी, जादा मदतीची गरज असलेली मुलं ओळखण्यासाठी. पुढे धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बांधली. त्याचा शोधनिबंध १९३४ चा. नागपूरला डॉ. मालिन ह्यांनी वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप केलं. म्हणजे देशभर वापरल्या गेलेल्या दोन चाचण्यांशी मराठी मुलांचा असा जवळचा संबंध आहे. बिने-कामत आजही वापरात आहे, पण तिचे निकष फार जुने आहेत. जेम्स फ्लिन ह्यांनी दाखवून दिलं की पिढीगणिक चाचणीतले गुण वर सरकतात. तेव्हा आजोबांच्या काळच्या मुलांशी तुलना करून कुणी तुमच्या लेकाचा बुद्ध्यांक एकशे चाळीस काढून दिला, तर पेढे वाटण्याआधी निकष कुठल्या सालचे ते विचारा.

एवढंही शास्त्र ज्यात नाही तो प्रकार म्हणजे बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता. दहा बोटं स्कॅनरवर टेकवायची, काही हजार मोजायचे आणि रंगीत अहवाल घरी आणायचा. त्यात मूल संगीतात जाईल की गणितात, उजव्या मेंदूचं की डाव्या, सगळं टक्केवारीसह. नाव घेतात हॉवर्ड गार्डनर ह्यांच्या १९८३ सालच्या बहुविध बुद्धिमत्तांच्या सिद्धांताचं. त्या सिद्धांताचा बोटांच्या रेषांशी काडीचा संबंध नाही. ह्या रेषा मूल जन्मायच्या आधीच पक्क्या झालेल्या असतात, शाळा, भाषा, घर ह्यातलं काहीही त्यांना शिवलेलं नसतं. हे हस्तसामुद्रिकच आहे, आणि ते विकणाऱ्यांना शाळेच्या सभागृहात पालकसभा भरवू देणाऱ्या मुख्याध्यापकांनी पालकांचे पैसे परत द्यायला हवेत.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेबद्दल मात्र मला आदर आहे. विज्ञान शिक्षकांच्या मंडळाने १९८१ साली सुरू केलेली ही स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रयोगाच्या टेबलाशी उभं करते, प्रकल्प करायला लावते. उत्तम कल्पना. पण आता पाचवीच्या सुट्टीत ‘होमी भाभाला बसवायचंय’ म्हणून क्लासची चौकशी सुरू होते आणि प्रकल्पाचा विषय कित्येकदा क्लासचे सरच सुचवतात. दहा वर्षांच्या पोराला स्वतःचा एक प्रश्न पडू द्यायलाही आपल्याला धीर नाही.

आता रांगेत नसलेल्या मुलीकडे येतो. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतलं हवं. एक पेपर बौद्धिक क्षमतेचा, एक शालेय क्षमतेचा. दोन्ही मोजायचं, म्हणजे डोकं किती चालतं तेही कळतं आणि शाळेने किती शिकवलं तेही. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. वागळे इस्टेटमधल्या किंवा कल्याण पूर्वेतल्या ज्या घरात दहावीनंतर पोरीला कामाला लावायचा विचार चालू असतो, तिथे महिन्याचे हे हजार रुपये तिला कॉलेजात टिकवू शकतात. २०१७ पासून रक्कम तेवढीच आहे, तीही वाढवायला हवी.

ह्या परीक्षेचा अर्ज पालक परस्पर भरू शकत नाहीत. तो शाळेच्या लॉगिनमधून जातो. शाळेने लॉगिन उघडलं नाही, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांच्या मागे कुणी लागलं नाही, की मुलीची बुद्धी तिथेच थांबली. तिला कुणी नापास केलं नाही, बसूच दिलं नाही. शिवाय दहावीला प्रज्ञाशोध परीक्षा होती, एनटीएस, ती केंद्राने २०२१ पासून स्थगित ठेवली आहे. म्हणजे गरीब घरच्या हुशार पोरीसाठी उघडी असलेली दारं कमी होत चालली आहेत.

सगळ्यांनाच बसवलं तर काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात हुशार मुलं निवडण्यासाठी पूर्वी शिक्षक किंवा पालक नाव सुचवतील त्याच मुलांची चाचणी व्हायची. २००५ मध्ये त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाळणी करायची ठरवली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जिउलियानो ह्या अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा वंचित घरांतल्या निवडल्या गेलेल्या मुलांचं प्रमाण १८० टक्क्यांनी वाढलेलं निघालं. ही मुलं आधीही तितकीच हुशार होती, त्यांच्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं. पुढे मंदीत पैसे कापले, चाळणी बंद पडली आणि दरी पुन्हा होती तशी झाली.

आपल्याकडे ह्याहून सोपं आहे. नवी चाचणी तयार करायची नाही. परीक्षा आहे, मराठीत आहे, मुंब्र्याच्या मुलांसाठी उर्दूतही आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ह्या दोन्ही महापालिकांनी सातवीचा निकाल लागला की पात्र ठरणाऱ्या प्रत्येक मुलाची यादी करावी, दाखल्यांसाठी शाळेतच शिबिर लावावं आणि सगळ्यांना बसवावं. एकदोन महिने शाळा सुटल्यावर नमुन्याचे पेपर सोडवून घ्यावेत, म्हणजे उत्तरपत्रिकेतला गोल कसा भरायचा इथपासून पोरं अडणार नाहीत. आणि दरवर्षी प्रत्येक शाळेच्या फलकावर तीन आकडे लिहावेत : आठवीत मुलं किती, त्यांतली पात्र किती, अर्ज किती गेले.