तुपाचा वीट

तुपाला नको म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. वरणभातावर धार पडताना तोंडाने 'पुरे, पुरे' म्हणायचं असतं, ताट मात्र मागे ओढायचं नसतं. पुरणपोळी तुपात न्हायली पाहिजे, मोदकाची शेंडी मोडून आत तूप गेलं पाहिजे आणि पंगतीत तूपवाढप्याचा हात आखडता दिसला की यजमानांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला पाहिजे. अशा वळणात वाढलेल्या माणसाला वैद्यबाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला आता रोज सकाळी तूप प्यायचंय," तेव्हा कोपरावरच्या खपल्या खाजवता खाजवता मला गहिवरून आलं. बायकोने एवढंच विचारलं, "कसलं तूप?"

पंचतिक्त घृत. कडुनिंब, कडू पडवळ, रिंगणी, गुळवेल आणि अडुळसा. या पाचांत कडूपणात एकही दुसऱ्याला हार जात नाही. त्यांचा काढा, त्रिफळ्याचा वाटून केलेला कल्क आणि गाईचं तूप एकत्र शिजवायचं. प्रमाण शार्ङ्गधराने घालून दिलेलं: कल्क 1 भाग, तूप 4 भाग, द्रव 16 भाग. म्हणजे किलोभर तुपामागे चार किलो काढा मंद आचेवर आटवत बसायचं. दवाखान्यामागच्या पडवीत हा सोहळा मी पाहिला. कल्हईच्या पातेल्यात हिरवट-करडं काहीतरी रटरटत होतं आणि वास असा, की शेजारच्या मांजराने कुंपणावरूनच परतीची वाट धरली. वैद्यबाईंनी तळाचा कल्क चिमटीत घेतला, बोटांवर वळून त्याची वात केली आणि विस्तवावर टाकली. ती चटचटली. "पाणी आहे अजून," म्हणाल्या. पुढची वात गुमान जळली. तेल सिद्ध झालं की वर फेस येतो, तूप सिद्ध झालं की होता तो फेसही बसतो. मग घाई करायची, कारण आच जास्त लागली की खरपाक होतो आणि तो अंगाला चोळण्याच्या कामाचा. पिण्यासाठी मध्यमपाक, नाकात सोडायला मृदू. आमच्या घरी कढवताना तूप करपलं की त्याला नुसतं 'करपलं' म्हणतात; शास्त्राने त्याचीही सोय लावली आहे.

एवढा खटाटोप तुपातच का? तर तूप दुसऱ्याचे गुण घेतं आणि स्वतःचे सोडत नाही, असं चरकाचं म्हणणं. स्थळं बघणारी मंडळी सुनेकडून नेमकी हीच अपेक्षा ठेवतात. तुपाने ती पुरी केली, हा त्याचा चांगुलपणा.

प्यायला लावण्याआधी वैद्यबाईंनी रक्ताचे रिपोर्ट बघितले, कोलेस्टेरॉलच्या आकड्यापाशी भुवया उंचावून थांबल्या, पुढे गेल्या, आणि आधी भूक सुधारायचं औषध दिलं. अग्नी मंद असेल तर तूप द्यायचं नाही, हा नियम. मग एका सकाळी उपाशीपोटी पेला समोर आला. मी मनात तूपसाखर धरून घोट घेतला. जिभेला आधी तूप कळतं, म्हणून ती विश्वासाने ते आत घेते. कडूपणा मागाहून येतो आणि मुक्कामाला राहतो. वर गरम पाणी प्यायचं. दुसऱ्या दिवशी मात्रा वाढते, तिसऱ्या दिवशी आणखी. शास्त्रात हे तीन ते सात दिवस चालतं. कर्ज काढून तूप प्यायचा सल्ला चार्वाकाच्या नावावर खपतो. हा पेला त्याला दिला असता तर त्याने सावकाराला मुद्दल परत केलं असतं.

पथ्याचा कागद वेगळाच. गरम पाणीच प्यायचं. दुपारी झोपायचं नाही, रात्री जागायचं नाही, वाऱ्यात बसायचं नाही, गाडीवर हिंडायचं नाही, फार बोलायचं नाही, रागवायचं नाही, शोक करायचा नाही. बायकोने तो फ्रिजवर चिकटवला आणि त्यातल्या एका कलमाखाली लाल रेघ ओढली. त्याच आठवड्यात सोसायटीची सभा आली. राग वर्ज्य म्हणून मी मख्खासारखा बसलो आणि माझं मौन संमती धरून पार्किंगचा ठराव एकमताने पास झाला.

संध्याकाळी वैद्यबाईंचा फोन यायचा. "भूक लागली? ढेकर स्वच्छ आला का? तुपाच्या वासाचा नाही ना?" चारचौघांत ढेकराचं असं रसग्रहण करायला मला जड जाई. पोट साफ झालं का, याबद्दलची चौकशी तर इथे लिहिण्याजोगी नाही. वाग्भटाला मात्र तिचा संकोच नव्हता.

दवाखान्याच्या बाकावर माझ्यासारखे बरेच. एका आजोबांच्या डोळ्यांभोवती उडदाच्या पिठाची पाळ बांधून त्यात कोमट त्रिफळा घृत भरलेलं. त्याला नेत्रतर्पण म्हणतात. ते त्या तळ्यातून छताकडे बघत मला दुधाचा भाव सांगत होते. दहावीच्या एका मुलाला आईने ब्राह्मी घृतासाठी आणलं होतं. अभ्यासाचं पुस्तक घरी विसरलं होतं. वरच्या फळीवर एक काळपट बरणी होती. "पुराण घृत," वैद्यबाई म्हणाल्या. दहा वर्षं मुरलेलं तूप. झाकण उघडू का, असंही त्यांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी एका सुरात नको म्हटलं.

खाज कमी झाली, हे खरं. श्रेय तुपाचं की बंद झालेल्या भज्यांचं, यावर घरात दोन तट आहेत. पण त्याआधीच एका सकाळी पेला नुसता दिसला आणि पोटात ढवळून आलं. तुपाचं नाव नको, वास नको, रंग नको. मी घाबरून वैद्यबाईंना गाठलं. "मला तुपाचा वीट आलाय हो," असं म्हणताना आवाज कापत होता. सात पिढ्यांत हे वाक्य कोणी उच्चारलं नसेल.

वैद्यबाईंचा चेहरा फुलला. "छान! म्हणजे अंगी लागलं. सम्यक स्निग्धाचं लक्षणच आहे ते, वाग्भटाने लिहून ठेवलंय," म्हणत त्यांनी केसपेपरवर ठसठशीत बरोबरची खूण केली. मग आवाज खाली आणून पलीकडच्या खोलीकडे मान वळवली. "तिथले काका बघा ना, त्यांना अजून आवडतंय. उद्यापासून त्यांची मात्रा वाढवतेय."