शिक्षा म्हणून गाव, चैन म्हणून गाव

इंग्रजीत ‘रस्टिकेट’ नावाचं एक दुतोंडी क्रियापद आहे. मूळ लॅटिन ‘रुस’, म्हणजे खेडं, रान. पहिला अर्थ : शहर सोडून खेड्यात निवांत राहायला जाणं. दुसरा : विद्यार्थ्याला विद्यापीठातून काही काळ घालवून देणं. 1877 मध्ये ऑस्कर वाइल्ड ग्रीस फिरत बसला आणि सत्र सुरू झाल्यावर उगवला, तेव्हा ऑक्सफर्डने त्याला असंच ‘रस्टिकेट’ केलं. शिक्षा काय, तर गाव!

आपण शब्द घेतला, पण शिक्षेपुरताच. कॉपी सापडली की पोरगं रस्टिकेट. आता नाशिकला शिकायला आलेल्या सटाण्याच्या पोराला रस्टिकेट करायचं म्हणजे त्याला घरीच धाडायचं, पण एवढा विचार कोण करतो?

सरकारी खात्यात या शब्दाचं काम ‘बदली’ भागवते. साहेब चिडले की ‘गडचिरोलीला पाठवीन’ म्हणतात. आमच्या नाशिक जिल्ह्यात हा मान सुरगाणा-पेठचा. जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथे तीन वर्षं नोकरी करणं म्हणजे काळं पाणी! 2022 च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरची गावं रस्ते, पाणी, दवाखाने मागून थकली आणि ‘आम्हाला गुजरातला जोडा’ म्हणाली. तेव्हा कुठे मुंबईला सुरगाणा नकाशावर सापडला.

पहिल्या अर्थाला बहर आलाय तो गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला. तिथे प्रत्येकाला फार्महाऊस हवं. पण कूळकायद्यानुसार शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. त्यामुळे ज्यांना गावच्या जत्रेची आठवण होत नाही, त्यांना आजोबांच्या सातबाऱ्याची मात्र होते.

खेड्यातल्या बायकांची धुरातून सुटका व्हावी म्हणून 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली. त्यांच्या घरी सिलिंडर पोचला आणि इकडे शहराबाहेर ‘चुलीवरची मिसळ’ खायला रविवारी गाड्यांच्या रांगा लागल्या. तोच धूर त्यांच्या छातीत गेला की खोकला, आमच्या रश्श्यात उतरला की अस्सल गावरान चव.

सरकारला एकच विनंती. सुरगाण्याला उत्तम डॉक्टर आणि उत्तम मास्तर पाठवा, हवं तर जादा पगार देऊन पाठवा. नालायकांना शिक्षाच करायची असेल, तर त्यांना मुंबईत ठेवून घ्या. गावाने काय घोडं मारलंय?