दीडपट

आमच्या घरात हल्ली कोणीच कोणाला मूळ वेगात ऐकत नाही. मुलगा अर्थशास्त्राच्या सरांना दुप्पट वेगाने पळवतो. बायको अळूवडीची कृती दीडपटीने बघते. (उंडे मात्र पूर्वीच्याच वेगाने वळावे लागतात, त्यांना बटण नाही.) सासूबाईंनी पंचाहत्तरीनंतर मोबाइल हातात घेतला आणि महिन्याभरात ज्ञानेश्वरीचं निरूपण सव्वापटीवर लावायला शिकल्या. "महाराज मध्ये मध्ये दम फार घेतात हो," हे त्यांचं कारण. महाराजांनी तरी दम कुठे घ्यावा?

तरुण वाचकांना खरं वाटणार नाही, पण सावकाश बोलणं हा एके काळी सरकारी उपक्रम होता. आकाशवाणीवर 'धीमी गति के समाचार' लागत. आडगावच्या लहान वर्तमानपत्रांकडे टेलिप्रिंटर नसे. तिथला कोणीतरी वही-पेन घेऊन रेडिओपाशी बसे आणि ऐकून बातम्या उतरवून घेई. त्यामुळे निवेदक वाक्याचा एक तुकडा म्हणायचा, थांबायचा, तोच तुकडा पुन्हा म्हणायचा आणि मगच पुढे सरकायचा. आमच्याकडे वर्तमानपत्र निघत नव्हतं, तरी वडील ते ऐकत. परराष्ट्रमंत्री विमानात चढले की वडील गालाला साबण लावत आणि मंत्री उतरेपर्यंत त्यांची दाढी होऊन तुरटीही फिरवून झालेली असे.

पुढे सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायच्या. शब्दन् शब्द स्वच्छ, कुठे घाई नाही. पण त्यात मागे जायची सोय नव्हती. कुकरच्या शिट्टीखाली एखादी बातमी गेली की गेली. मग ती शेजारच्या काकांना विचारायची, आणि काका ती स्वतःची मतं घालून सांगायचे. त्या काळचं 'सविस्तर वृत्त' ते हेच.

आवाजाच्या वेगाशी खेळ आम्हीही केले, नाही असं नाही. ग्रामोफोनवर ७८, ४५ आणि ३३ असे फेऱ्यांचे आकडे असत. मोठी माणसं घरात नसली की ३३ची तबकडी ७८वर लावायची. भारदस्त गायक चिमणीच्या आवाजात चिवचिवायला लागले की आम्ही सतरंजीवर लोळत असू. कॅसेटच्या जमान्यात याच्या उलट झालं. टेपरेकॉर्डरचे सेल उतरायला लागले की लता मंगेशकरांचा आवाज हळूहळू हेमंतकुमारांकडे झुकायचा. म्हणजे वेगात फेरफार केलेला लगेच उघडा पडायचा, कारण वेगाबरोबर सूरही चढायचा नाहीतर उतरायचा. आता यंत्र आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतं आणि एकमेकांवर थोडे सरकवून जोडतं. सूर जिथल्या तिथे राहतो. आवाज तोच, माणूस तोच, फक्त त्याच्यामागे कुत्रं लागलंय.

वेळेची तंगी काही आजची नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मैफलीत तासभर चालणारा राग अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात बसवून दाखवला आणि तो आजही लोक जिवापाड जपतात. पण तेव्हा काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे खाँसाहेब ठरवत. आता ते काम माझा भाचा करतो. त्याने विलंबित एकतालातला एक ख्याल दुप्पट वेगात ऐकला आणि म्हणाला, "मामा, आता जरा बरं वाटतंय." विलंबित दुप्पट केला म्हणून द्रुत होत नाही, त्याचा घाबरलेला विलंबित होतो. मींड तर लोकल सुटत असताना जिना उतरल्यासारखी उतरते. हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. मी बोलताना तो माझ्या कपाळाकडे बघत होता. तिथे बटण असावं असं त्याला वाटलं असणार.

ज्या घरातल्या आजोबांनी रात्र रात्र संगीत नाटकं ऐकली, बालगंधर्वांच्या एकेका पदाला पुन्हा पुन्हा 'वन्स मोअर' दिला आणि पहाटे घरी येऊन अंघोळ करून कचेरी गाठली, त्या घरात हे चाललंय.

एका बाबतीत मात्र मी या बटणाचा भक्त आहे. मराठी मालिका दुप्पट वेगात लावली की त्यातली माणसं प्रथमच माणसांसारखी वागायला लागतात. एरवी 'दूध उतू गेलं' एवढं कळल्यावर सासूची मान तीनदा वळते, तीनदा वीज कडाडते, मग मोठ्या जाऊबाई, धाकट्या जाऊबाई आणि दारामागची मोलकरीण अशी सगळ्यांची तोंडं दाखवून होतात. दुप्पट वेगात सासू सरळ गॅस बंद करते. मालिका लिहिणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनी दोघांनीही हे बटण गृहीत धरलं, तर लिहिणाऱ्यांना भागांचे पैसेही मिळतील आणि आमची संध्याकाळही वाचेल.

वाचलेली संध्याकाळ कुठे जाते, असं विचारू नका. आमच्याकडे ती आणखी एक मालिका बघण्यात जाते.

पण सगळी हुशारी संपते ती मिरजेच्या मावशीपाशी. मावशीने आयुष्यभर अंतर्देशीय पत्रं लिहिली. तिथे जागेची मारामार, त्यामुळे शेवटची बातमी चिकटवायच्या पट्टीवर आडवी यायची. आता व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवता येतो, आणि त्याला पट्टीच नाही. पहिलं अर्धं मिनिट "झालं का गं चालू? हे लाल दिसतंय ते का?" यात जातं. मग पंखा, मग दूधवाला, मग दूधवाल्याचा हिशेब. निरोप सात मिनिटांचा. अशा वेळी एकच विचार मनात येतो: कोण गेलं? पूर्वी तार आली की घरात धस्स व्हायचं. तारेला शब्दावर पैसे पडत, त्यामुळे निदान दोन ओळींत निकाल लागायचा. २०१३मध्ये तार बंद झाली, धस्स होणं तेवढं उरलं.

व्हॉट्सॲपने २०२१मध्ये या निरोपांनाही वेग दिला, तेव्हा मला हायसं वाटलं. साडेतीन मिनिटांत मावशी! पण मुद्द्याची गोष्ट आली की मावशी आवाज खाली आणते. "तुला म्हणून सांगते हो..." आणि पुढचं दुप्पट वेगात एक अक्षर कळत नाही. कोणाचं तरी काहीतरी झालंय एवढंच समजतं. मग धडधडत्या छातीने तोच निरोप सुरुवातीपासून, पंख्यासकट, मूळ वेगात ऐकायचा. साडेतीन आणि सात, साडेदहा मिनिटं. म्हणजे बरोब्बर दीडपट. शेवटी निघतं काय, तर शेजारच्यांनी जिन्यात चपलांचं कपाट ठेवलंय.

तेव्हा तमाम मावश्या, आत्या आणि सेवानिवृत्त काकांना हात जोडून विनंती आहे. निरोप खुशाल सात मिनिटांचा पाठवा, चौदा मिनिटांचा पाठवा. फक्त पहिल्याच वाक्यात तेवढं सांगून टाका की सगळे सुखरूप आहेत. चपलांचं कपाट आम्ही मग सावकाश ऐकू.