ब्राउझर सजवावा कसा: एक शास्त्रशुद्ध मार्गदर्शन

ब्राउझर उघडून सरळ वाचायला बसणारी माणसे आपल्या समाजात अजूनही पुष्कळ आहेत. कंपनीने दिला तसा ब्राउझर, वरची पट्टी मूळ रंगाची, आणि गृहस्थ चष्मा सावरत बातम्या वाचताहेत. त्यांचे भले होवो. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी नाही. ज्यांना आज विजेचे बिल भरायचेच आहे, पण त्याआधी सगळे जरा नीट लावून घ्यायचे आहे, अशा गंभीर प्रकृतीच्या लोकांसाठी ते आहे.

आधी मुहूर्ताचे बोलू. हाताशी तातडीचे काम असल्याशिवाय या विषयात पडू नये. रिकामा माणूस पाच मिनिटांत निळा रंग निवडून मोकळा होतो. उद्या सकाळी दहाला ज्याला अहवाल द्यायचा आहे, त्यालाच निळ्याच्या चार छटांमधला फरक दिसतो.

पहिला धडा रंगाचा. क्रोममध्ये नवा टॅब उघडला की उजवीकडे खाली पेन्सिल दिसते, ती दाबावी. रंगांच्या गोल चकत्या येतात आणि एकेक दाबली की खिडकीची चौकट रंग पालटते. सप्टेंबर 2008 मध्ये क्रोम आला तेव्हा ही सोय नव्हती. लोक निळी चौकट बघत गुमान कामाला लागत. ती मागास अवस्था पुढच्याच वर्षी संपली. जानेवारी 2010 मध्ये फायरफॉक्सची 3.6 ही आवृत्ती आली आणि थीमच्या चित्रावर नुसता माउस नेला की ती अंगावर चढवून बघता येऊ लागली. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर साड्यांचा ढीग उलगडायला लावणाऱ्याला दुकानदाराच्या चेहऱ्याकडे तरी बघावे लागते. इथे तोही अडसर नाही. वॉलपेपर निवडताना घाई करू नये. हिमालय घ्यावा की कोकणचा किनारा, यावर एक रविवार सहज जातो. निवडलेला हिमालय पत्त्याचे पहिले अक्षर टाइप करेपर्यंत दिसतो.

डार्क मोड लावल्याशिवाय हल्ली कुणी तुम्हाला जाणकार म्हणणार नाही. कारणे विचारली तर दोन सांगावीत: डोळ्यांना आराम आणि बॅटरीची बचत. दुसऱ्या कारणात मोबाइलच्या ओलेड पडद्यापुरते तथ्य आहे, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. टेबलावरच्या साध्या एलसीडी मॉनिटरमागचा दिवा मात्र काळ्या पानामागेही जळतच असतो. हे चारचौघांत बोलू नये. रात्री अकरा वाजता काळ्याभोर चौकटीत बिलाचे पान उघडते, ते पांढरेफटक असते आणि डोळे दिपतात. क्रोमच्या ‘फ्लॅग्ज’ नावाच्या प्रायोगिक सोयींच्या पानात पानालाही सक्तीने काळे फासण्याची सोय शोधली की सापडते. तिच्यात कधीकधी काळी चिन्हे काळ्यावर काळी होऊन अंतर्धान पावतात. ‘पुढे जा’ची खूण अशी गेली, तर बिल उद्यावर टाकायला सबळ कारण मिळते.

यापुढचा धडा धोक्याचा आहे, कारण त्यात खराखुरा उपयोग होण्याची शक्यता आहे. तो म्हणजे अक्षरे.

क्रोममध्ये ‘अपिअरन्स’खाली ‘कस्टमाइझ फॉन्ट्स’ आहे. तिथे अक्षराचा आकार, किमान आकार आणि फॉन्ट निवडता येतो, आणि निवड कशी दिसते ते कळावे म्हणून तांबूस कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो ते इंग्रजी वाक्य समोर येते. मराठी वाचणाऱ्याने त्या कोल्ह्याकडे बघून जोडाक्षरे नीट दिसतील का, याचा अंदाज बांधायचा. फायरफॉक्स इथे दिलदार आहे. त्याच्या फॉन्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ चौकटीत लिप्यांची यादी उघडते आणि तीत देवनागरी स्वतंत्र आहे. इंग्रजीला 16 आणि देवनागरीला 19 असे वेगळे आकार देता येतात. याची गरजही असते. आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार घेऊन त्याच उंचीत मावायचे असते, म्हणून एकाच मापाची देवनागरी रोमनशेजारी बारीक वाटते. विंडोजवरच्या ज्या ‘मंगल’ला आपण वर्षानुवर्षे नावे ठेवली, तो घडवणारे र. कृ. जोशी तर कवी आणि सुलेखनकार होते. दोष बऱ्याचदा इंग्रजीच्या बेताने ठेवलेल्या मापाचा असतो.

आता ल आणि श. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले. चांगल्या फॉन्टच्या पोटात मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे असतात. कोणते दाखवायचे हे पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण काय आहे त्यावर ठरते: ‘एमआर’ असली तर मराठी, ‘एचआय’ असली तर हिंदी. पान बनवणाऱ्याने आळसाने हिंदीची खूण ठेवली की अस्सल मराठी मजकुरातही आपले ‘कुशल’ हिंदी वळणाने विचारले जाते. फायरफॉक्सच्या त्याच ‘ॲडव्हान्स्ड’ चौकटीत तळाशी ‘पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू द्यावेत’ अशा अर्थाची एक खूण असते. ती काढली की सगळी पाने तुमच्याच फॉन्टमध्ये येतात, आणि काही ठिकाणी बटणांवरच्या चित्रांच्या जागी चौकोन उगवतात, कारण ती चित्रेही फॉन्टच असतात.

काही लोक नेमके इथे घसरतात. देवनागरीचा आकार वाढवतात, किमान आकार ठरवतात, खिडकी बंद करतात आणि वाचू लागतात. असे होतकरू विद्यार्थी या शास्त्राने कायमचे गमावले आहेत. एका ओळखीच्या आजोबांनी तर कंट्रोल आणि अधिक ही दोन बटणे दाबून पान दीडशे टक्के केले आणि अख्खी दिवाळी अंक-परीक्षणे वाचून काढली. चौकटीचा रंग कोणता आहे हे त्यांना आजही सांगता येणार नाही.

इतिहास थोडक्यात. ऑक्टोबर 1994 मध्ये हॉकन विउम ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत स्टाइलशीटचा, म्हणजे पानाच्या रूपाच्या नियमावलीचा, प्रस्ताव मांडला, तेव्हा पानाचे रूप लेखक आणि वाचक दोघांच्या मर्जीने ठरावे असे त्यात होते. 1998 च्या सीएसएसच्या, म्हणजे त्याच स्टाइलशीटच्या भाषेच्या, दुसऱ्या आवृत्तीने तर वाचकाने आपल्या नियमापुढे ‘इम्पॉर्टंट’ लिहिले की त्याचाच शब्द अखेरचा, असे ठरवून टाकले. घटनेत लिहावा असा हा हक्क. पुढे वाचकाने आपली स्टाइलशीट ठेवायची क्रोममधली जागा 2014 मध्ये काढली गेली. वॉलपेपर मात्र वाढत गेले. मला हा व्यवहार पटत नाही, पण मार्गदर्शकाने तटस्थ राहावे.

फायरफॉक्समध्ये तो हक्क अजून माळ्यावर पडून आहे. तिथपर्यंत चढण्याला उच्च शिक्षण म्हणतात. पत्त्याच्या जागी ‘अबाउट: कॉन्फिग’ लिहावे. पूर्वी इथे ‘यामुळे तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते’ अशी धमकी यायची आणि ‘मी जपून वागेन, शप्पथ’ अशा अर्थाचे बटण दाबावे लागे. ब्राउझर फुकट, वॉरंटी मुळात नाहीच, तरीही अनेकांचा हात तिथे थरथरला आहे. आत शिरून जुन्या स्टाइलशीटची परवानगी चालू करावी; 2019 पासून ती आपण होऊन दिलेली नसते. मग प्रोफाइलच्या फोल्डरात ‘क्रोम’ नावाचे फोल्डर करावे. दचकू नये, फायरफॉक्सच्या घरात हे नाव गूगलच्या क्रोमच्या जन्माआधीपासून आहे. त्यात ‘यूजरक्रोम’ नावाची सीएसएस फाइल ठेवावी. आता टॅबची उंची, कोपऱ्यांची गोलाई, मेनूतल्या दोन ओळींमधले अंतर, सगळे तुमच्या हातात. दोन पिक्सेल कमी केले, ब्राउझर बंद, पुन्हा चालू, बघितले, एक पिक्सेल परत दिला. पहाट होते.

या कष्टांची फळे फार काळ टिकू नयेत याची काळजी कंपनी घेते. फायरफॉक्सचे टॅब एप्रिल 2014 मध्ये वळणदार झाले, नोव्हेंबर 2017 मध्ये चौकोनी झाले आणि जून 2021 मध्ये पट्टीपासून सुटून तरंगू लागले. प्रत्येक वेळी माळ्यावरच्या फायली कोसळल्या आणि जाणकारांना पुन्हा काम मिळाले. त्याच जूनमध्ये दाटीवाटीची ‘कॉम्पॅक्ट’ मांडणी मेनूतून लपवली गेली. खटपट करून ती परत आणता येते, पण नावापुढे कंसात ‘आधार नाही’ असा शेरा घेऊनच येते.

कुटुंबाविषयी एक सूचना. घरात कॉम्प्युटर एकच असेल तर प्रत्येकाचे प्रोफाइल वेगळे करावे, नाहीतर असे संवाद होतात:

“अरे, ते बिलाचं पान कुठे गेलं?”

“बाबा, टॅब डावीकडे उभे लावलेत आता. फायरफॉक्समध्ये मार्च 2025 पासून आलंय ते.”

“बरं. आणि वरची नावं?”

“काढली. नुसती चिन्हं ठेवलीत. स्वच्छ दिसतं.”

“शेवटची तारीख आज आहे रे.”

अशा प्रसंगी वाद घालू नये. शिफ्ट दाबून धरावे आणि फायरफॉक्स उघडावा. ‘ट्रबलशूट मोड’ सुरू करायचा का, असे तो विचारतो, हो म्हणावे. थीम, एक्स्टेन्शन्स, यूजरक्रोम, सगळे बाजूला होते आणि जवळपास कारखान्यातून आला तसा ब्राउझर समोर येतो. आजारी ब्राउझरच्या तपासणीसाठी ही अवस्था राखून ठेवली आहे. हिच्यात बिल भरावे, पावती डाउनलोड करावी, बाबांना दाखवावी आणि कुणी मित्र येण्याआधी ती खिडकी बंद करावी.