हे कोणी केलंय?

कारागीर कोणताही असो, घरात पाऊल टाकल्यावर तो आधी आपल्याकडे बघत नाही. आधीच्या कारागिराच्या कामाकडे बघतो, जीभ टाळ्याला लावून ‘च्यक्’ करतो आणि विचारतो, “हे कोणी केलंय?” प्लंबरने गवंड्याच्या कामाबद्दल विचारलं, गवंड्याने प्लंबरच्या, ग्रॅनाइटवाल्याने दोघांच्या. सुताराने “ये किसने किया?” असं हिंदीतून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टेप मिटून चहा मागितला. गंमत म्हणजे चौघेही आमच्याच ठेकेदाराची माणसं.

ठेकेदार मात्र गोड माणूस. तिथेच सगळा घोळ आहे. भांडखोर असता तर चार शब्द सुनावता आले असते. हा आला की सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, देव्हाऱ्याला हात जोडायचा. स्वयंपाकघराच्या कामाला किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाला, “पंधरा दिवस, ताई. फार तर सोळा.” नुसते पंधरा म्हणाला असता तर कोणालाही शंका आली असती. पण ज्याने सोळाव्या दिवसाचाही विचार केलाय त्याचा हिशेब पक्का असणार, असं आमच्या घरात एकमताने ठरलं.

पाडकाम अगदी वेळेवर झालं. वेळेवर झालेलं ते एवढंच. सकाळी दोन बिगारी घण घेऊन आले आणि दुपारच्या जेवणाआधी कडप्प्याचा ओटा, फडताळं, सिंक, सगळ्याचा राडारोडा झाला. दुसऱ्या दिवसापासून ठेकेदार गायब. आता मला या धंद्यातली मेख कळली आहे. ओटा शाबूत असलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकतं, ओटा फुटलेलं कुठे जाणार? म्हणून एकाच वेळी पाच घरं फोडून ठेवायची आणि मग प्रत्येक घराला थोडं थोडं भेटायचं.

फोन केला की तो नेहमी पुण्याच्या चांदणी चौकात असायचा. “आलोच ताई, चौकात अडकलोय.” एकदा मी त्याला ऐकवलं, की त्या चौकातला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला आणि ऑगस्ट 2023 मध्ये नवा उड्डाणपूल सुरूसुद्धा झाला. तेवढ्यात आमचा एक ओटा होऊ नये? (त्या कामाचं भूमिपूजन 2017 चं होतं, हे मी त्याला अर्थातच सांगितलं नाही.)

दरम्यान गॅस बाल्कनीत, मिसळणाचा डबा पलंगाखाली आणि भांडी न्हाणीघरात. ग्रॅनाइटवाल्याने कटर लावला आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिठासारखी धूळ बसली. मी निवडलेला दगड ब्लॅक गॅलेक्सी, काळ्यावर सोनेरी ठिपके, आंध्रातल्या चिमकुर्तीचा. सासूबाईंनी त्याच्यावरून हात फिरवून विचारलं, “आणि तो कडप्पा कुठला होता गं?” तोही आंध्रातलाच. “म्हणजे एवढा खर्च करून आपण आंध्रातून आंध्रातच आलो,” असं म्हणून त्या पोथी वाचायला गेल्या.

लेव्हल काढण्याचा कार्यक्रम मात्र बघण्यासारखा असतो. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक एका भिंतीशी, दुसरं समोरच्या भिंतीशी. “वर घे. जरा खाली. अजून जरा. बास!” दोन्हीकडचं पाणी स्थिरावलं की कानावरची पेन्सिल काढून खूण करायची. लेझरवाली यंत्रं आली तरी आमच्या गवंड्याचा विश्वास नळीवरच, आणि तो योग्यही आहे. पाणी खोटं बोलत नाही.

तेच पाणी ओटा बसल्यावर ओतलं, तर सिंककडे पाठ करून थेट गॅसच्या शेगडीकडे निघालं. गवंडी शांतपणे म्हणाला, “वाळेल ना ताई.” ठेकेदार चांदणी चौकातून आला, खाली वाकून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, “आपली लेव्हल बरोबरच आहे, दगडालाच चढ आहे.” ब्लॅक गॅलेक्सीला चढ!

ट्रॉल्यांची कथा वेगळी. प्लायवर आयएस 710 चा शिक्का, म्हणजे मरीन प्लाय, हे मी चष्मा लावून तपासून घेतलं होतं. पण सिंकखालची ट्रॉली बंदच होईना, कारण तिच्या बरोबर मागे अँगल कॉक. सुतार म्हणाला, नळ सरकवा. प्लंबर म्हणाला, ट्रॉली कापा. दोघांत मध्यस्थी करायला गेलेल्या आमच्या ह्यांना दोघांनी मिळून सांगितलं, “साहेब, तुम्ही बाहेर बसा.” शेवटी ट्रॉलीच्या पाठीला चौकोनी खाच पाडली. आता कॉक तिच्यातून डोकं काढून बघतो आणि तिथे पिशव्यांखेरीज काही मावत नाही. पोत्यांत भरलेला राडारोडा लिफ्टसमोर किती दिवस होता, ते सोसायटीच्या सेक्रेटरींना तोंडपाठ आहे. पुणे महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीला आहे, एवढी माहिती मी त्यांना दिली. ती त्यांना आवडली नाही.

दगड शेवटी उचलून पुन्हा बसवला गेला, आणि तो कशामुळे ते सांगते. ठेकेदाराच्या गोड बोलण्यात माझ्याकडे एक हप्ता राहून गेला होता. मी आरडाओरडा केला नाही, सासूबाईंच्या गुडघ्यांची शपथही घातली नाही. फक्त म्हटलं, पाणी सिंककडे गेलं की पैसे तुमच्याकडे येतील. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत तो दोन माणसांसह दारात उभा होता. चांदणी चौक मोकळा असावा.

तेव्हा ओटा करणार असाल तर ग्रॅनाइटचा रंग कोणताही घ्या, टाइल्स मोरबीच्या घ्या नाहीतर आणखी कुठल्या. मात्र शेवटचा हप्ता देण्याआधी नव्या ओट्यावर एक तांब्या पाणी ओता आणि ते कुठे जातंय ते ठेकेदाराला शेजारी उभं करून दाखवा.