तहानेची प्रवेश फी

ज्या शहरात सायकल चालवायला रस्ता नाही आणि लावायला जागा नाही, त्या शहरातल्या माणसानं मोरोक्कोच्या वाळवंटात सहा दिवस सायकल चालवायचं ठरवलं, की त्याला वेडा म्हणणारे पुष्कळ भेटतात. या लोकांना दूरदृष्टी नसते. लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या, लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी करणाऱ्या आणि कंबरदुखीसाठी अधूनमधून शेक घेणाऱ्या एका गृहस्थांनी असा निर्धार केला आहे. त्यांच्या शहाणपणाची नोंद कुठं तरी व्हायला हवी, म्हणून हा लेखनप्रपंच.

शर्यतीचं नाव ‘टायटन डेझर्ट’. २००६ पासून ती मोरोक्कोत होते. सहा टप्पे, साधारण सहाशे किलोमीटर, वाहन माउंटन बाइक. दिवसा जीपीएसच्या पडद्यावरचा बाण बघत पुढं जायचं आणि रात्री तंबूत झोपायचं. वाटेत मऊ वाळूच्या टेकड्या लागल्या की चाक रुततं. मग स्वार खाली उतरतो, सायकल ढकलतो, जमलं तर खांद्यावर घेतो आणि टेकडी संपली की पुन्हा बसतो. म्हणजे काही अंतर माणूस सायकलवर आणि काही अंतर सायकल माणसावर. इतका न्याय्य व्यवहार आपल्याकडच्या कुठल्याही वाहनात नाही. आपली टॅक्सी बंद पडली तर ढकलायलाही आपणच उतरतो आणि भाडंही आपणच देतो.

आता सराव. वाळूचा सराव वाळूतच करावा लागतो आणि तेवढी वाळू दक्षिण मुंबईत एकाच ठिकाणी शिल्लक आहे. दादर चौपाटीचा विचार झाला होता, पण भरतीच्या वेळी तिथलं वाळवंटच नाहीसं होतं. म्हणून गिरगाव चौपाटी. लोकमान्यांचा पुतळा डाव्या हाताला ठेवून गृहस्थ पहाटे सायकल उतरवतात. टायर चार इंच रुंद. रस्त्यावरच्या शर्यतीच्या टायरमध्ये शंभर पौंडांच्या आसपास हवा असते, वाळूत ती सात-आठ पौंडांवर आणतात. टायर मऊ होऊन पसरतं, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक कमी रुततं. गृहस्थ गुडघ्यावर बसतात, व्हॉल्व्हवर नख दाबतात, फुस्स आवाज येतो, अंगठ्यानं टायर चेपून बघतात, पुन्हा फुस्स. शहाळीवाल्याला हे बघवत नाही. “काका, कोपऱ्यावर हवा भरून मिळते,” असं तो रोज सांगतो. पैसे खर्चून रुंद टायर घ्यायचं ते त्यातली हवा सोडण्यासाठी, हे अर्थशास्त्र शहाळी विकून समजत नाही.

भेळवाल्यांच्या बाजूच्या कोरड्या वाळूत सायकल चार हात जाते आणि आडवी होते. पाण्याच्या कडेला मात्र सुसाट पळते. ओल्या वाळूच्या कणांना पाणी एकमेकांशी धरून ठेवतं, म्हणून ती घट्ट लागते. हे लक्षात आल्यापासून गृहस्थ भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीच्या वेळीच सराव करतात आणि रोज आपलाच वेग बघून खूश होतात. सहारात ओहोटी साधारण किती वाजता असते, हे त्यांनी आयोजकांना ईमेल करून विचारलं आहे. उत्तर यायचं आहे.

शिवाय सहारा म्हणजे नुसती वाळू, हा सिनेमावाल्यांनी करून दिलेला गैरसमज. त्या वाळवंटाचा साधारण चौथा हिस्साच वाळूचा. बाकी खडक, खडी आणि फुटके दगड. तेव्हा तयारीचे तीन हिस्से चौपाटीवर होऊच शकत नाहीत. ते करी रोडपासून परळ नाक्यापर्यंत होतात. उखडलेला पेव्हर ब्लॉक, त्यावर टाकलेली खडी, खडीवर ओतलेलं डांबर, डांबरातून पुन्हा वर आलेली खडी. ज्याला भूगर्भात लाखो वर्षं लागतात, ते इथं एका पावसाळ्यात होतं. अशी जमीन फुकट वापरायला मिळते, याची जाणीव मुंबईकराला नाही.

वाळूच्या वादळाची सोयही घराजवळच आहे. दादरला शिवाजी पार्कची लाल माती वारा सुटला की उडते आणि आसपासच्या रहिवाशांच्या खिडक्यांवर बसते. रहिवासी वर्षानुवर्षं तक्रार करतात, कारण धुळीकडं सराव म्हणून बघण्याची दृष्टी त्यांना मिळालेली नाही. पुढची पायरी लालबागची. एप्रिल-मे महिन्यात मसाल्याच्या गल्लीत जावं. एकीकडं बेडगी आणि संकेश्वरी मिरच्यांचे ढीग, दुसरीकडं डंकावर मसाला कुटण्याची धडधड आणि हवेत तांबूस धुरळा. वर्षाचा मसाला करायला आलेल्या बायका पदर नाकाला लावून, डोळे पुसत, आपल्याच मिरच्या आपल्याच डब्यात पडतात ना हे बघत तासभर उभ्या असतात. गृहस्थ तिथं गॉगल आणि नाकावर फडकं बांधून उभे राहिले, तेव्हा एका बाईंनी त्यांना विचारलं, “भाऊ, तुमचा नंबर कितवा?” वाळवंटातल्या स्पर्धकालाही शेवटी हाच प्रश्न विचारतात.

उष्णतेचं शास्त्र जरा वेगळं आहे. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, असं डॉक्टर सांगतात. सराव हळूहळू वाढवावा, नुसतं पाणी न ढोसता मीठही पोटात जाऊ द्यावं, हेही सांगतात. वाळवंटात हवा कोरडी, त्यामुळं घाम आल्या-आल्या उडून जातो. सदरा कोरडाच राहतो, त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या उमटतात आणि अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. मुंबईत घाम उडत नाही, तो साठतो. म्हणजे इथं केलेली तयारी तिथं कामाची नाही, असं कोणी म्हणेल. पण भिजलेला सदरा पिळून बघण्यात जे समाधान आहे, ते कोरड्या शास्त्रात नाही.

या बाबतीत गृहस्थांच्या घरात परंपरा आहे. त्यांचे आजोबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून खात्यात मुद्दाम ओलावा ठेवत आणि वारा येऊ देत नसत. त्या दमट उकाड्यात, साच्यांच्या खडखडाटात, नाकातोंडात कापसाचे तंतू जात असताना आजोबा आठ-आठ तास उभे राहायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी ते दार पुन्हा उघडलंच नाही. गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले. अशाच एका टॉवरातल्या जिममध्ये नातू आता एसी बंद करायला सांगतो, खिडक्या लावून घेतो आणि जागच्या जागी सायकल मारून घाम काढतो. आजोबांना त्या घामाचा पगार मिळायचा. नातू त्याची वर्गणी भरतो. दोन पिढ्यांत घराण्यानं केवढी मजल मारली, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

चिकाटीसाठी बाहेर जावंच लागत नाही. १९३४ पासून बसणाऱ्या लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत जो एकदा उभा राहिला, त्याला सहा टप्प्यांची शर्यत म्हणजे डुलकी वाटावी. रांगेत झोप, रांगेत जेवण, रांगेत भांडण आणि रांगेतच सोयरीक. तंबूपेक्षा ही व्यवस्था सरस, कारण इथं रात्री कोणी झोपू देत नाही. मिरवणुकीचा टप्पा तर जगात कुठंच नसेल: लालबाग ते गिरगाव चौपाटी, अंतर काही किलोमीटर, वेळ वीस तासांहून जास्त आणि शेवट वाळूत. २०२५ साली तर भरतीमुळं विसर्जन आणखी कित्येक तास लांबलं आणि लोक ओहोटीची वाट बघत थांबले. ओहोटीचं महत्त्व गृहस्थांना उगाच पटलेलं नाही.

घरची आघाडी तेवढी नाजूक आहे. खोलीत सायकल मावत नाही, म्हणून ती गॅलरीत उभी असते. तिच्या हँडलवर शेजारच्या काकू टॉवेल वाळत घालतात आणि गृहस्थ त्याला वाऱ्याच्या विरोधाचा सराव म्हणतात. वाळवंटी शर्यतींत सक्तीच्या सामानाची यादी असते. सहारातल्या पायी शर्यतीत, मॅरेथॉन दे साब्लमध्ये, शिट्टी, होकायंत्र, खुणेचा आरसा आणि रोजचं किमान २,००० कॅलरींचं अन्न स्वतःच्या पाठीवर न्यायचा नियम आहे. गृहस्थांच्या सामानात आईनं भाजणी, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं घातलं. गृहस्थांनी ते काढून परदेशी जेलच्या पुड्या भरल्या. साखर, मीठ आणि चिकटपणा. गूळ-शेंगदाण्यातही हेच मिळतं. पण गूळ-शेंगदाणे चवीला बरे लागतात, त्यामुळं त्यांनी अंगात तयारी आल्यासारखी वाटत नाही. “अहो, एवढी तहान काढायचीय तर इथंच एक दिवस टँकरची वाट बघा की,” असं पत्नीनं सुचवलं. त्याला पदक मिळत नाही, हे तिला समजावून सांगावं लागलं.

या क्षेत्रात मुंबईची मुळं जुनी आहेत, ही खेदाची गोष्ट. ऑक्टोबर १९२३ मध्ये बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलनं जगप्रवासाला निघाले. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी सुमारे ७०,००० किलोमीटर पुरे केले आणि १९२८ मध्ये ते मुंबईत परतले. वाटेत बगदादपासून अलेप्पोपर्यंतचं वाळवंट त्यांनी २३ दिवसांत ओलांडलं. पाठोपाठ निघालेल्या फ्रामरोझ दावर यांनी तर एका ऑस्ट्रियन सोबत्याबरोबर सहारा पार केला. पण यांतल्या एकाही वाळवंटाला प्रवेश फी नव्हती. जीपीएस नाही, जेल नाही, छातीवर क्रमांक नाही, शेवटी कमान नाही. अशा प्रवासाला फार तर धाडस म्हणता येईल. त्याला ‘इव्हेंट’ म्हणता येणार नाही.

हाच निकष आजही लावला पाहिजे. गृहस्थ पहाटे चार इंची टायर घेऊन लालबागहून निघतात, तेव्हा त्यांना रोज एक पाववाला मागं टाकून जातो. काळी जुनी सायकल, कॅरियरवर माणसाएवढं लाद्यांचं गाठोडं, हँडलला दोन्हीकडं पिशव्या. खड्डा आला की तो न थांबता ढुंगण सीटवरून उचलतो, गाठोडं एका हातानं मागं धरतो आणि घंटी वाजवत निघून जातो. दुपारी दादर स्टेशनबाहेर डबेवाले चाळीस-चाळीस डबे सायकलीला लटकवून त्याच उन्हात असतात. त्यांच्या मांड्या गृहस्थांच्या मांड्यांपेक्षा कणखर आहेत, हे उघड्या डोळ्यांना दिसतं. पण त्यांनी नोंदणी केलेली नाही, फी भरलेली नाही, वैद्यकीय दाखला दिलेला नाही. त्यामुळं त्यांचा घाम ग्राह्य धरता येत नाही. फुकटच्या कष्टाला कष्ट म्हणण्याची प्रथा आपल्याकडं कधीच नव्हती, ती आता पाडू नये.

तेव्हा एक सूचना. दर वर्षी एवढी मंडळी तहानायला परदेशी पाठवून परकीय चलन घालवण्यापेक्षा ही शर्यत इथंच भरवावी. सहा टप्पे तयार आहेत: संध्याकाळची दादरची लोकल, करी रोडचा रस्ता, मेमधली मसाल्याची गल्ली, भाड्याच्या खोलीचा शोध, नवसाची रांग आणि शेवटी चौपाटीची कोरडी वाळू. लोक आज हे सगळं फुकट आणि कुरकुरत करतात, कारण त्याला किंमत नाही. जबर फी ठेवावी, छातीवर क्रमांक द्यावा, शेवटी पदक घालावं. मग कुरकुर बंद होईल आणि नाव नोंदवायला रांगा लागतील. रांगेचीही वेगळी फी ठेवता येईल.