शोध चालू राहो
लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर या फुटबॉल क्लबने 19 एप्रिल 2021 रोजी, लीग कपची अंतिम लढत सहा दिवसांवर असताना, मॅनेजर जोझे मोरिन्यो यांना काढले आणि नवा मॅनेजर थेट 30 जूनला नेमला. या मधल्या 72 दिवसांना चाहते उगाच नावे ठेवतात. पुरावा पाहा: अख्ख्या जूनमध्ये संघ एकही सामना हरला नाही. रिकाम्या पदासाठी अंतोनियो कोंते यांच्याशी बोलणी फिसकटली, फोन्सेका हातातोंडाशी येऊन निसटले, गात्तुझोंना तर चाहत्यांनीच आरडाओरडा करून उंबऱ्यावरून परत पाठवले. म्हणजे तिघांपैकी एकाच्याही डावपेचांनी कुणाची निराशा केली नाही. (हे भाग्य प्रत्यक्ष आलेल्यांना क्वचितच लाभते.) तेव्हा पद कायमचे रिकामे ठेवणेच शास्त्रशुद्ध. मग संघ कोण निवडणार, असा आक्षेप येईल. पण प्रत्येक चाहता रोज झोपण्यापूर्वी अकरा जण निवडतोच, तेही बिनपगारी. शिवाय त्याला काढताना नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. क्लबने मात्र घाई केली. नुनो एस्पिरितो सान्तो आले, ऑगस्टचे सर्वोत्तम मॅनेजर ठरले आणि 1 नोव्हेंबरला घरी गेले. दुसऱ्याच दिवशी कोंते रुजू झाले.